पाण्याने थंड होणारा संगणक आणि आपला रेडिएटर मिस्त्री

मांडवगण फराटा हे भीमाकाठचे उसाचे गाव. तालुका शिरूर, नदी ओलांडली की दौंड तालुका. अशा गावातून संगणकाच्या कॅबिनेटवर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. संगणक हा पुण्या-मुंबईचा विषय, आपले काम ट्रॅक्टरचे रेडिएटर, उसाच्या ट्रॉल्या, पत्र्याच्या पेट्या आणि बंद पडलेले फ्रिज, असा आपला समज आहे. हा समज चुकीचा आहे, आणि त्यात आपल्या कारागिरांचे नुकसान आहे, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. रेडिएटर झाळण्याचा धंदा उतरणीला लागला आहे. पूर्वी गाडीचा रेडिएटर तांब्या-पितळेचा असे. तो गळला की मिस्त्री टाकी उकलून नळ्या साफ करी, डाख देई आणि गाडी रस्त्याला लावी. आता बहुतेक नव्या गाड्यांत ॲल्युमिनियमचा गाभा आणि प्लॅस्टिकची टाकी असते. ती कथलाने झाळता येत नाही. गळली की बदलतात. ज्या उस्तादाने तीस वर्षे हात जाळून हुनर कमावला, त्याच्या दुकानात आज गिऱ्हाईक फक्त भाव विचारायला येते. त्याचा मुलगा दुकानात बसायला तयार नाही. तो रांजणगावच्या एमआयडीसीत ठेकेदाराकडे नोकरी शोधतो.

दुसरीकडे त्याच तालुक्यात नवे गिऱ्हाईक तयार झाले आहे. लग्नाचे व्हिडिओ करणारा स्टुडिओवाला, फ्लेक्सचे डिझाइन करणारा, कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा आणि नकाशे संगणकावर काढणारा छोटा उद्योजक, या सर्वांना ताकदीचा संगणक लागतो. आणि ताकदीचा संगणक तापतो. 1993 साली आलेल्या पहिल्या पेंटियम प्रोसेसरला सुमारे 15 वॅट वीज पुरे. 2023 साली आलेला इंटेलचा आय-नाईन मालिकेतील मोठा प्रोसेसर पूर्ण जोरात 253 वॅटपर्यंत जातो. एनव्हिडियाचे 2022 सालचे 4090 हे ग्राफिक्स कार्ड एकटेच 450 वॅट खाते. या विजेची शेवटी उष्णताच होते. प्रोसेसर 100 अंशांच्या आसपास पोहोचला की स्वतःचा वेग कमी करतो, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पडते. आमच्याकडे लग्नसराई आणि कडक ऊन एकाच वेळी येतात. स्टुडिओवाल्याचे काम जेव्हा सर्वांत जास्त, तेव्हाच खोलीत चाळीस अंश आणि बाहेर उसाच्या पाचटाची राख उडते. त्याचा तोटा कोठे होतो, हे समजायला मोठ्या शिक्षणाची गरज नाही.

यंत्र जुनेच, जागा नवी

पाण्याने संगणक थंड करणे ही नवी कल्पना नाही. आयबीएम कंपनीच्या 1980 सालच्या 3081 या मोठ्या संगणकात पाणी खेळवलेले होते. आपल्या पुण्याचे उदाहरण घ्यायचे तर सी-डॅकने 1991 साली ‘परम 8000’ हा महासंगणक उभा केला. पुढे राष्ट्रीय महासंगणक मोहिमेत पुण्याच्या आयसर संस्थेत ‘परम ब्रह्म’ बसवला गेला. त्यात उष्णता काढण्याचे काम पाणीच करते. घरगुती संगणकात हा प्रयोग प्रथम करणारे परदेशातील हौशी तरुण होते. 1990 च्या दशकाच्या शेवटी त्यांनी मोटारीच्या हीटरचा गाभा आणि माशांच्या टाकीचा पंप जोडून काम भागवले. म्हणजे या धंद्याची सुरुवातच मोटारीच्या रेडिएटरपासून झाली, ही गोष्ट आपल्या मिस्त्र्यांनी ध्यानात घ्यावी.

रचना साधी आहे. प्रोसेसरवर तांब्याचा पोकळ ठोकळा बसतो. त्यातून पंप पाणी फिरवतो. तापलेले पाणी नळीने रेडिएटरमध्ये जाते, पंखे तेथे त्याची उष्णता हवेत सोडतात आणि पाणी परत येते. ट्रॅक्टरचे इंजिनही असेच थंड राहते. मिनिटाला 1 लिटर पाणी फिरत असेल, तर 350 वॅट उष्णतेने त्याचे तापमान सुमारे 5 अंश वाढते. थोडे पाणी एवढी उष्णता वाहून नेते, हाच पाण्याचा गुण.

पण एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा माठ नव्हे. माठ झिरपतो, पाणी उडून जाते, म्हणून माठातले पाणी हवेपेक्षा गार होते. संगणकातले पाणी बंद नळीत फिरते. ते खोलीच्या हवेपेक्षा गार होऊच शकत नाही. खोली चाळीस अंश तर पाणी चाळीसच्या वरच. जो दुकानदार ‘फ्रिजसारखा थंड’ म्हणून विकतो, तो खोटे बोलतो.

माझी चूक

येथे स्वतःचा अनुभव सांगणे भाग आहे. स्टुडिओ चालवणाऱ्या एका ओळखीच्या माणसासाठी मी असे यंत्र बांधले. कॅबिनेट घरीच पत्रा वाकवून केले. प्रोसेसरवरचा ठोकळा तांब्याचा होता, आणि पैसे वाचावेत म्हणून रेडिएटर मोडीतला ॲल्युमिनियमचा घेतला. पाणी बोअरचे भरले. पहिले दोन महिने लोक पाहायला येत. तिसऱ्या महिन्यात, ऐन लग्नाच्या तारखांत, यंत्र बंद पडू लागले. उघडून पाहिले तर ठोकळ्याच्या बारीक खाचांत पांढरा चिखल भरलेला. तांबे आणि ॲल्युमिनियम एकाच पाण्यात ठेवले की ॲल्युमिनियम खाल्ले जाते, हे मला ठाऊक असायला हवे होते. बोअरच्या जड पाण्याने क्षार साचतो, हे तर गावातल्या कोणत्याही चहाच्या भांड्याला ठाऊक आहे. दोष सर्वस्वी माझा. मी त्याला मजुरी परत केली आणि साधे, हवेवर चालणारे, चांगल्या पंख्यांचे कॅबिनेट बांधून दिले. ते आजही चालते. त्यावरून मला दोन गोष्टी उमगल्या.

पहिली, आपल्या हाताला हे काम जमते. 120 मिलिमीटरच्या पंख्याच्या भोकांतले अंतर 105 मिलिमीटर असते. एवढे माप पाठ असले की होल सॉ आणि कानस घेऊन पत्र्याचे कॅबिनेट कोणीही चांगला पत्रेकाम करणारा करील. पाण्याच्या जोडांना पाव इंची बीएसपी आटे असतात. लेथवाल्याला ते माप नवे नाही, फक्त आटे समांतर असावे लागतात. नेहमीचा निमुळता जोड ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात आवळला की ठोकळा तडकतो. तांब्याचा रेडिएटर झाळताना वापरलेले ॲसिड आणि नवसागर आतून धुऊन काढले नाही, तर ते पुढे यंत्र खाते. पाणी डिस्टिल्डच हवे, आणि त्यात गंज व शेवाळ रोखणारे औषध हवे. पंप 12 व्होल्टचाच घ्यावा. कूलरचा 230 व्होल्टचा पंप पाण्यात आणि संगणकात एकत्र आणणे म्हणजे जिवाशी खेळ आहे. काम झाल्यावर प्रथम कमी दाबाची हवा भरून साबणाच्या पाण्याने गळती पाहावी. मग संगणकाला वीज न देता फक्त पंप एक रात्र चालवावा आणि प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद ठेवावा. सकाळी कागद ओला दिसला तर पुन्हा काम करावे. फ्रिज-एसीच्या मिस्त्र्याला ही शिस्त वेगळी शिकवावी लागत नाही.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. बहुतेक गिऱ्हाइकांना पाण्याची गरजच नसते. त्यांना हवी असते ती धूळ अडवणारी जाळी, जी काढून धुता येईल. पुढून हवा घेणारे आणि मागून-वरून सोडणारे मोठे पंखे. जमिनीपासून वर उचललेले कॅबिनेट. आणि नीट अर्थिंग. बाजारात मिळणारी काचेची चकचकीत कॅबिनेट थंड, स्वच्छ खोल्यांसाठी बनलेली असतात. पाचटाच्या राखेसाठी आणि भीमाकाठच्या उन्हाळ्यासाठी कॅबिनेट बनवणारा कोणी नाही. ती जागा मोकळी आहे, आणि ती आपल्या पत्रेकाम करणाऱ्यांनी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे. पाण्याचे काम त्यानंतरचे. जेथे दोन मोठे कार्ड रात्रंदिवस चालतात किंवा जेथे पंख्यांचा आवाज चालत नाही, तेथेच ते घ्यावे.

ऑर्डर कशी घ्यावी

काही बांधव म्हणतील, गिऱ्हाईक पाणी आणि रंगीत दिवे मागते, त्याला नको कसे म्हणावे? अल्लाहचे प्रेषित (स.) बाजारात धान्याच्या ढिगात हात घालतात आणि आतून ओल लागते, हा प्रसंग आपण जुम्याच्या खुत्ब्यात ऐकलेला आहे. ओला माल वर ठेवावा, म्हणजे घेणाऱ्याला दिसेल, ही त्यातली शिकवण. आपल्या मालाची ओल म्हणजे त्याची मर्यादा. ‘पाणी दर वर्षी बदलावे लागेल, गळण्याचा धोका आहे, आणि तुमच्या कामाला पंखे पुरेत,’ हे आधी सांगावे. एवढे ऐकूनही त्याला पाणीच हवे असेल तर अवश्य करून द्यावे. दिवेही लावून द्यावेत, त्यात गैर काही नाही.

सांगून करवून घेतलेल्या मालासाठी आपल्या फिकहमध्ये ‘इस्तिसना’चा स्वतंत्र नियम आहे. त्यात वस्तूचे वर्णन, माप, धातू आणि किंमत आधी ठरते. हनफी मसलकात पूर्ण रक्कम आगाऊ देणे आवश्यक नाही. माल वर्णनाप्रमाणे निघाला नाही तर गिऱ्हाइकाला तो नाकारण्याचा हक्क आहे. कोकणातील शाफई बांधवांकडे हाच व्यवहार सलमच्या अटींनी, म्हणजे पूर्ण रक्कम आधी देऊन होतो. त्यांनी आपल्या आलिमांना विचारावे. येथे एक बारकावा आहे. सामान कारागिराचे असेल तर तो इस्तिसना. प्रोसेसर, मदरबोर्ड, कार्ड गिऱ्हाइकाने आणले आणि आपण फक्त बसवले, तर ती मजुरी, म्हणजे इजारा. ते सामान आपल्याकडे अमानत आहे. आपल्या हयगयीने अमानतीवर पाणी सांडले तर भरपाई आपल्याला द्यावी लागते. म्हणून वहीत दोन रकाने असावेत: माझे सामान आणि गिऱ्हाइकाचे सामान. त्यावर दोघांच्या सह्या असाव्यात. पवित्र कुरआनने उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्यास सांगितले आहे, आणि आपण मात्र लाखाचे काम तोंडी घेतो. अर्ध्या भांडणांचे मूळ येथेच आहे.

भांडवल आणि शिक्षण

17 सप्टेंबर 2023 रोजी केंद्र सरकारने पीएम विश्वकर्मा योजना सुरू केली. त्यात 18 व्यवसाय आहेत. लोहार आहे, कुलूप बनवणारा आहे, अवजारे बनवणारा आहे; पण रेडिएटर झाळणारा, कल्हईवाला आणि पत्र्याच्या पेट्या करणारा यांची नावे त्या यादीत नाहीत. हाताने धातू घडवणाऱ्या या माणसांना कारागीर का मानू नये, असा प्रश्न आपल्या लोकप्रतिनिधींना विचारला पाहिजे. ज्यांचा व्यवसाय यादीत आहे त्यांनी एवढे लक्षात ठेवावे, की योजनेतील कर्जावर 5 टक्के व्याज आहे आणि कमी असले तरी ते व्याजच. मात्र अवजारांसाठी मिळणारे 15,000 रुपये हे कर्ज नसून मदत आहे. ती घेण्यास संकोच नसावा. उरलेले भांडवल भागीदारीतून उभे करावे. एकाचे दुकान, दुसऱ्याचा लेथ, तिसऱ्या शिकलेल्या मुलाचे संगणकाचे ज्ञान, आणि नफ्या-तोट्यात तिघांचा ठरलेला वाटा. होल सॉ, कानस, ड्रिल तर दुकानात आहेतच.

मुलांना आयटीआयला पाठवताना केवळ संगणकाचाच कोर्स मागू नये. शीट मेटल वर्कर, फ्रिज व एसी मेकॅनिक हेही ट्रेड तेथे आहेत. ज्याला पत्रा वाकवता येतो, तांबे झाळता येते आणि संगणकही उघडता येतो, अशा मुलाला गिऱ्हाईक शोधत येईल. तापकीर गल्लीत किंवा लॅमिंग्टन रोडला सुटे भाग मिळतात. तो हात मिळत नाही.

हजरत दाऊद (अ.) यांच्यासाठी अल्लाहने लोखंड मऊ केले आणि चिलखताच्या कड्या मापात घडवण्याचा आदेश दिला, हे आपण कुरआनमध्ये वाचतो. पैगंबर आणि राजा असूनही ते हाताच्या कमाईवर जगत. आपल्या मिस्त्र्याचा हात त्याच वारशाचा आहे. त्याने तो गुंडाळून ठेवू नये. आधी स्वतःच्या दुकानासाठी एक कॅबिनेट बांधावे, एक उन्हाळा चालवून पाहावे, आणि मगच दुसऱ्याच्या पैशाला हात लावावा. काम मापात आणि बोलणे खरे असेल, तर रोजीत बरकत अल्लाह देईल, इन्शाअल्लाह.