एमसीबी पोरांना वाचवत नाही

28 फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला एका शाळेत परीक्षक म्हणून गेलो होतो. आठवीतल्या एका मुलीचा नेहमीचाच प्रयोग होता. साध्या पाण्यात दोन वायरी बुडवल्या की बल्ब जेमतेम लुकलुकतो, मीठ टाकलं की झगझगतो. वायरींची दुसरी टोकं थेट सॉकेटमध्ये. प्लग नाही, आगपेटीच्या काड्या खुपसून घट्ट केलेली. मीठ ढवळायला पोरीने बोट पाण्याकडे नेलं आणि मी ओरडलो. सगळे माझ्याकडेच बघायला लागले, जणू कार्यक्रमाचा विचका मी केला.

विज्ञानाचे सर हसून म्हणाले, "काही होत नाही जनाब. मध्ये बल्ब आहे, वर एमसीबी आहे."

मी स्वतः भाषा शिकवतो, पण हा हिशेब दहावीचा आहे. ओल्या हाताने शरीराचा रोध साधारण 1000 ओहम धरा. 230 व्होल्ट भागिले 1000, म्हणजे 230 मिलीअँपिअर. मध्ये 60 वॉटचा बल्ब असला तर आकडा उतरतो, पण 100 च्या खाली जात नाही. आणि 30 च्या पुढे जिवाची खात्री कोणी देत नाही. 6 अँपिअरच्या एमसीबीला हा करंट दिसतसुद्धा नाही. ती वायर तापून आग लागू नये म्हणून असते. ती भिंत वाचवते, पोर नाही.

मग आरसीसीबी बसवा, असं कोणी म्हणेल. जरूर बसवा, 30 मिलीअँपिअरचीच. करंट शरीरातून जमिनीत गळला तर ती क्षणात तोडते. पण पोराचा एक हात एका वायरीला आणि दुसरा दुसरीला लागला, तर जाणारा आणि परतणारा करंट सारखाच राहतो. आरसीसीबीला वाटतं, बल्बच पेटलाय.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे : प्रयोगाच्या टेबलावर घरगुती वीज येताच कामा नये.

"मग प्रयोगच बंद करायचे का?" अजिबात नाही. 1800 साली निकल्सन आणि कार्लाईल यांनी पाण्याचं विघटन केलं ते व्होल्टाच्या बॅटरीवर. 1820 मध्ये ओरस्टेडने होकायंत्राची सुई हलवली तीही बॅटरीवरच. त्यांच्या टेबलाशेजारी सॉकेट नव्हतं, तरी विज्ञान घडलं. आठवीच्या पोरीला तेच दाखवायला 230 व्होल्ट कशाला? 9 व्होल्टची बॅटरी, एक एलईडी, 470 ओहमचा एक रेझिस्टर. मिठाच्या पाण्यात तीही पेटते. बजेटचं रडगाणं गाणाऱ्या शाळेने विज्ञान दिनाच्या बॅनरचा खर्च आधी सांगावा.

"आम्हीही असेच शिकलो, काय झालं?" हे वाक्य बोलायला तेच उरतात ज्यांना काही झालं नाही. आणि ज्या दिवशी काही होतं, त्या दिवशी आपण म्हणतो, पोराने नको तिथे हात घातला. काड्या खुपसल्या कोणी, हे कोणी विचारत नाही.

त्या प्रयोगाला मी गुण दिले नाहीत. पोर रडली. घरी येताना तेच टोचत राहिलं, कारण तिला जे दाखवलं गेलं तेच तिने मांडलं होतं. गुण कापायचेच होते तर ते आम्हा शिक्षकांचे.