येझदी चालू झाली, कागद अजून बंद

मंडळी, पोस्ट लांब आहे. ज्यांच्या वाड्यात, गोठ्याशेजारी किंवा सोसायटीच्या जिन्याखाली एखादी जुनी मोटरसायकल ताडपत्रीखाली उभी आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

मुद्दा आधी सांगून टाकतो. आपल्या सरकारला दोनच प्रकारच्या जुन्या गाड्या कळतात. एक, रॅलीत हार घालून फिरणारी शौकिनांची. दुसरी, भंगारात जाणारी. या दोन्हींच्या मधे साध्या माणसांच्या गाड्या आहेत. येझदी, राजदूत, आरएक्स 100, जुनी बुलेट, अगदी चेतक आणि लूनासुद्धा. शिक्षकांनी, गिरणी कामगारांनी, दूधवाल्यांनी हप्त्यावर घेतलेल्या. यांच्यासाठी कायद्यात वेगळा कप्पाच नाही.

2021 च्या जुलैत केंद्राने विंटेज वाहनांचे नियम आणले. पहिल्या नोंदणीपासून 50 वर्षं झालेली गाडी विंटेज. तिला व्हीए अक्षरांचा खास नंबर मिळतो, नव्या नोंदणीला 20,000 रुपये, मुदत दहा वर्षं. गाडी मूळ रूपात हवी. रोज फिरवायची नाही. रॅली, प्रदर्शन, पेट्रोल भरणं आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच रस्त्यावर आणायची. नियम वाईट नाही, उलट त्याची गरजच होती. पण हिशेब करून बघा. म्हैसूरच्या आयडियल जावाने येझदी रोडकिंग आणली 1978 ला. म्हणजे पहिल्यात पहिली रोडकिंग पन्नाशी गाठणार 2028 मध्ये. कारखाना बंद पडला 1996 ला, त्या शेवटच्या गाड्यांना 2046 पर्यंत थांबावं लागणार. आरएक्स 100 आली 1985 ला, तिची बारी 2035 नंतर.

तोवर ही नुसती '15 वर्षं उलटलेली गाडी'. दर पाच वर्षांनी नोंदणीचं नूतनीकरण. त्याची फी 2022 च्या एप्रिलआधी दुचाकीला 300 रुपये होती, मग 1000 झाली, आणि ऑगस्ट 2025 मध्ये 20 वर्षांपुढच्या दुचाकीसाठी 2000 केली. वर पर्यावरण कर वेगळा. अर्जाला उशीर झाला तर महिन्याला 300 रुपये, म्हणजे वर्षाचे 3600. गाडी ताडपत्रीखाली असू दे नाहीतर पंक्चर होऊन पडलेली असू दे, मीटर चालूच. दहा-बारा वर्षं उभी असलेली गाडी कुणाला दुरुस्त करावीशी वाटली, तर आधी हा आकडा विचारा आणि मग भंगारवाला किती देतो ते विचारा. पोरं भंगारवाल्याकडे का जातात ते कळेल.

आता आमची गाडी. वडिलांची 1984 ची रोडकिंग, 17 वर्षं उभी होती. टाकीत गंज, वायरिंग उंदरांनी खाल्लेलं, पिस्टन जाम. ती गेल्या वर्षी उभी राहिली ती माझ्या पैशाने नव्हे, लोकांमुळे. पहिला सल्ला सगळ्यांचा एकच होता: घाईने किक मारू नका. मग प्लग काढून आत डिझेल-ऑईल सोडून आठवडाभर तसंच ठेवलं, तेव्हा पिस्टन हलला. बोअर पाहून ओव्हरसाइज पिस्टन घालायचा ठरलं. उद्यमनगरातल्या एका लेथवाल्या काकांनी बोअर मारून दिला, कनेक्टिंग रॉडचा बुश गनमेटलमधून घरीच ओढला आणि पैसे विचारले तर म्हणाले, "आधी चालू तर होऊ दे." इचलकरंजीच्या एका पोराने सायलेन्सरची जोडी पाठवली. एका सिलेंडरला दोन सायलेन्सर हा थाट, एकच लावून चालणार कसं! किकच्या शाफ्टचे दाते झिजले होते; येझदीत गिअरची लिव्हर आत दाबून वळवली की तीच किक होते, त्यामुळे ही जागा सगळ्यात जास्त झिजते. तो शाफ्ट बेळगावहून एसटी पार्सलने आला. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार फिरणाऱ्या एका मित्राने हेडलाइटची रिंग हुडकली.

सगळं झालं, गाडी फुटली. फुटली म्हणजे पहिल्या किकला आवाज आला. पण ॲक्सिलरेटर सोडला तरी आरपीएम आपोआप चढायचे. कार्बोरेटर तीनदा खोलला. शेवटी एसटी वर्कशॉपातून रिटायर झालेल्या एका दादांना फोन लावला आणि फोन इंजिनाजवळ धरला. अर्धा मिनिट ऐकून ते म्हणाले, "क्रँकचं ऑईल सील. हवा ओढतंय." टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हवाबंद लागतं. सील गळलं की बाहेरची हवा आत शिरते, पेट्रोल कमी पडतं आणि इंजिन तापत, चढत राहतं. सील बदललं, गाडी शांत झाली.

हे ज्ञान कुठल्या पुस्तकात शोधायचं? हे दादा सत्तरी ओलांडलेले. लेथवाले काका पासष्टचे, त्यांचा मुलगा एका कंपनीत कॉम्प्युटरवर बसतो. काकांची त्याबद्दल तक्रार नाही, माझीही नाही. पण आयटीआयमधून बाहेर पडणाऱ्या पोराला पॉइंटची गॅप लावता येणार नसेल आणि चाकाचा आऊट काढता येणार नसेल, तर हे कसब आणखी पंधरा वर्षांनी उरणार नाही. जुन्या गाड्या टिकल्या तर ही कामं टिकतील, कामं टिकली तर माणसं. 'स्किल इंडिया'चे फ्लेक्स लावणाऱ्यांनी यावरही थोडा विचार करावा.

आता खरी अडचण. गाडी चालू आहे, पण रस्त्यावर काढता येत नाही. नंबर जुन्या तीन अक्षरी सिरीजचा, म्हणजे एमएच यायच्या आधीचा. 1 एप्रिल 2019 पूर्वीच्या सगळ्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबर प्लेट सक्तीची झाली. दुचाकीला 450 रुपये अधिक जीएसटी, पैशांचा प्रश्न नाही. पण प्लेटसाठी आधी गाडीची नोंद 'वाहन' पोर्टलवर हवी. आमची नाही. आरसी बुक आहे, टॅक्सची पावती आहे, चासी नंबर वाचता येतो, रजिस्टरमध्ये नोंदही आहे, फक्त ती कागदावर आहे. ती चढवायला बॅकलॉग एन्ट्री लागते. वडील नाहीत, त्यामुळे त्याआधी वारसाहक्काने नाव बदलायचं. नाव बदलायला पोर्टलवर नोंद हवी. तुमच्या लक्षात आलं असेलच. खिडकीवरचा माणूस सज्जन होता, त्याला मी दोष देत नाही. त्याच्या स्क्रीनवर आमच्यासाठी बटणच नव्हतं.

धुराबद्दल कुणी बोलेल, आणि बोलावंच. टू-स्ट्रोक धूर करते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण पीयूसीच्या नियमात जुन्या टू-स्ट्रोक दुचाकींसाठी वेगळी मर्यादा आहे, कार्बन मोनॉक्साइड 4.5 टक्के. तेवढ्यात बसणारी गाडी चालू द्या, नाही बसली तर अडवा. महिन्यातून दोन रविवार निघणाऱ्या गाडीचं वय मोजण्यापेक्षा तिचा धूर मोजा. आणि आपल्याही लोकांना एक सांगणं आहे. सायलेन्सरची जाळी काढून रात्री अकराला गल्लीतून फाडफाड करत जाणारे, चासीवर ग्राइंडर फिरवून दोन गाड्यांची एक करणारे, यांना 'शौकीन' म्हणणं बंद करा. आपल्यावर संशय येतो तो यांच्यामुळे.

मागणी मोठी नाही. 25 ते 50 वर्षांच्या खासगी दुचाकींसाठी मधला वर्ग करावा: मर्यादित वापर, दरवर्षी पीयूसी आणि ब्रेक-लाइटची तपासणी, परवडेल अशी फी. हे केंद्राकडे मागावं लागेल, वेळ जाईल. पण परिवहन विभागाने जिल्ह्याजिल्ह्यात बॅकलॉगचं एक शिबिर घ्यायला काय हरकत आहे? तारीख जाहीर करा, गाडी घेऊन या म्हणा, चासी नंबर तिथेच पडताळा, वारसाचा अर्ज त्याच टेबलावर घ्या आणि उभ्या गाडीचा दंड एकदाच माफ करा. सरकारला कर मिळेल, पोलिसांना मालक सापडेल, चोरीच्या गाड्याही उघड्या पडतील.

या मागणीचं निवेदन आम्ही तयार केलंय, सह्या येत्या रविवारपासून घेतोय. तोवर घरातली आरसी शोधून ठेवा. मालक वारले असतील तर मृत्यूचा दाखला आणि वारसांची संमती काढून फॉर्म 31 भरा. कायद्याने हा अर्ज तीन महिन्यांत करायचा असतो, उशीर झाला असला तरी करा. चासी नंबरवर रंग बसला असेल तर घासू नका. थिनर लावून कापडाने हळू पुसा आणि फोटो काढून ठेवा.