शाकारणीचा खर्च कोणाचा?

वाईपासून अवघ्या काही किलोमीटरवर, कृष्णेच्या काठी मेणवली हे लहानसे गाव वसले आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या पाठीशी नदीत उतरणारा रेखीव घाट, घाटावरील मेणेश्वराचे देऊळ आणि वसईच्या १७३९ च्या विजयानंतर आणलेली म्हणून सांगितली जाणारी पोर्तुगीज घंटा, एवढ्यावर या गावाची कीर्ती उभी आहे. मोडी कागदांचे मेणवली दप्तर इतिहाससंशोधकांना मिळाले ते याच वाड्यातून. २००४ साली प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ चित्रपटामुळे घाट देशभर पोहोचला.

अशा वास्तूंच्या जीर्णोद्धाराची बातमी आली की समारंभ होतो, हारतुरे होतात. परंतु जुना वाडा एकदा दुरुस्त करून भागत नाही. कौलारू छपराची दर उन्हाळ्यात शाकारणी करावी लागते. सागवानी खांबांना वाळवी लागली की नाही हे पाहावे लागते. भिंतीचा गिलावा पडला तर चुना भिजवून, घाणीत मळूनच तो पुन्हा द्यावा लागतो. तेथे सिमेंट थापणे स्वस्त खरे. पण सिमेंट ओल बाहेर पडू देत नाही आणि काही वर्षांत भिंतीवरील जुन्या चित्रांचे पोपडे सुटू लागतात. चुन्याचे काम जाणणारा गवंडी मात्र आता शोधून आणावा लागतो, व तो आपली मजुरी घेणारच.

हा खर्च कोणी सोसावा? घाट पाहून आनंद सर्वांना मिळतो, दुरुस्तीचे बिल मात्र मालकाच्या दारी येते. अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला हे कोडे ओळखीचे वाटेल. ज्याचा लाभ सर्वांना, त्याचा भार एकावर टाकला की ती वस्तू हळूहळू नष्ट होते. पूर्वजांचा अभिमान वारसांनी बाळगावा हे म्हणणे सोपे आहे. अभिमानाने कौले परतली जात नाहीत! सरकारच्या हाती १९६० चा प्राचीन स्मारकांविषयीचा कायदा आहे. पण संरक्षणाचा फलक लावणे आणि गवंड्याची मजुरी देणे यांत फार अंतर आहे.

फ्रान्समधील जिव्हर्नी या खेड्यात चित्रकार क्लोद मोने यांचे घर आणि पाण्याकाठची बाग अशीच मोडकळीस आली होती. १९७७ नंतर, मुख्यतः अमेरिकन देणगीदारांच्या पैशाने, ती पुन्हा उभी करण्यात आली आणि १९८० मध्ये लोकांसाठी खुली झाली. मात्र बाग राखण्यासाठी तेथे कायमचे माळी ठेवले गेले आणि प्रवेशशुल्काचे उत्पन्न त्याच कामी लावण्यात आले. आपल्याकडे परदेशी धनिक येतील या आशेवर बसण्याचे कारण नाही. चित्रीकरणाचे व प्रवेशाचे जे काही शुल्क ठरेल त्यातील ठराविक हिस्सा निराळ्या खात्यात जमा व्हावा, सरकारने त्यात तेवढीच भर घालावी, आणि खात्याचा हिशेब दर वर्षी ग्रामसभेपुढे वाचला जावा. वाई परिसरातील चार तरुणांना जरी चुन्याचे काम शिकविले, तरी तो पैसा गावातच राहील. ही तरतूद पावसाळ्यानंतरच्या पाहणीची वाट न पाहता चैत्र-वैशाखातच, शाकारणीच्या हंगामात, हाती पडली पाहिजे.