रिकामे काडतूस आणि शेजाऱ्याचा डोळा

अमेरिकेतल्या एका वाचकाने विचारले आहे : "दर शनिवारी ट्रॅप नेमबाजीला जातो. माझ्या सेमी-ऑटोमॅटिक शॉटगनमधून उडणारी रिकामी काडतुसे उजवीकडच्या माणसाला लागतात. घरीच एक डिफ्लेक्टर करून बसवला, तर डोळ्यांच्या दृष्टीने तेवढे पुरेसे आहे ना?"

डिफ्लेक्टर जरूर करा. पण 'तेवढे पुरेसे' हे मला मान्य नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. अमेरिकन ट्रॅपमध्ये पाच नेमबाज एका ओळीत, एकमेकांपासून साधारण पावणेतीन मीटरवर उभे राहतात आणि डावीकडून उजवीकडे पाळीपाळीने बार काढतात. ऑलिंपिकमध्ये दिसते ती दुनळी बंदूक उघडल्यावरच काडतूस बाहेर येते. सेमी-ऑटोमॅटिकमध्ये मात्र बार उडताक्षणी ते उजव्या बाजूच्या खिडकीतून भिरकावले जाते. म्हणजे ते ज्याच्या अंगावर जाते, नेमकी त्याचीच पुढची पाळी असते. भरलेली बंदूक त्याच्या हातात असते. गरम पितळ मानेला लागले की माणूस दचकणारच, आणि दचकताना नळी कुठे वळेल हे कोणी सांगावे? मला डोळ्याइतकीच याची काळजी वाटते.

आता डोळ्याचे. क्रिकेटचा चेंडू लागला तर बराचसा मार भुवईचे आणि गालाचे हाड झेलते. बॅडमिंटनचे फूल लहान असल्यामुळे हाडांच्या कडेच्या आत शिरून थेट बुबुळावर आदळते. बारा बोरच्या काडतुसाचे बूड जेमतेम सव्वादोन सेंटिमीटर रुंद, म्हणजे तेही याच जातीचे. बहुतेक वेळा गालावर लाल डागच उमटतो, हे मान्य. पण बुबुळाला ओरखडा पडणे किंवा बुबुळामागे रक्त साचणे शक्य असते, आणि साचलेल्या रक्ताने डोळ्यातला दाब वाढला तर नजर कायमची जाऊ शकते.

डिफ्लेक्टर काडतुसाची फक्त दिशा बदलतो. कोणी रबरबँड ताणून बसवतात, कोणी तार वाकवतात, कोणी दुहेरी चिकटपट्टीने प्लॅस्टिकचा तुकडा लावतात. तारेचे उघडे टोक मला अजिबात पसंत नाही. गाल त्याच्यापासून वीतभर अंतरावर असतो! बंदुकीला भोक पाडू नका. खिडकी इतकी झाकू नका की काडतूस आतच अडकेल, कारण अडकलेले काढताना लोक नळीकडे बघायचे विसरतात. आधी बंदूक रिकामी करून डमी काडतुसांनी बघा. वळवलेले काडतूस आता तुमच्याच तोंडाकडे येत नाही ना? डावखुऱ्यांनी हे दोनदा तपासावे, कारण उजवीकडची खिडकी त्यांच्या चेहऱ्यासमोरच असते.

आणि चष्मा. पॉलिकार्बोनेटचा, बाजूंनीही झाकणारा, नंबर असेल तर नंबरासह. साधा काचेचा चष्मा चालणार नाही. वर पुढे झाप असलेली टोपी हवीच, नाहीतर गरम काडतूस चष्मा आणि भुवईच्या फटीत अडकते आणि तिथे चांगलेच भाजते.

इतके करूनही डोळ्याला मार लागलाच, तर आधी बंदूक रिकामी करून खाली ठेवा. डोळा चोळू नका, दाबू नका, मलम घालू नका. कागदी पेल्याचा तळ हाडांवर टेकेल असा हलकेच धरून थेट नेत्रतज्ज्ञाकडे जा. दुखते म्हणून अ‍ॅस्पिरिन घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. दिसणे अंधुक झाले किंवा बुबुळामागे लाल थर दिसला, तर सोमवारची वाट बघायची नाही.