चाक कुणाचं?

गेल्या वर्षी गणपतीनंतर सगळे चाकरमानी मुंबईला परतले तरी मी दोन दिवसांची रजा वाढवून देवबागला आत्याकडे राहिलो होतो. आतेभावाची फायबरची बोट आहे. पर्यटकांना कर्ली नदीच्या संगमावर फिरवायचं, नशीब असेल तर डॉल्फिन दाखवायचे, असा त्याचा धंदा. मोसम सुरू व्हायच्या आधी बोटीच्या बुडाची डागडुजी करायला ती कुडाळला न्यायची होती. बोट ट्रॉलीवर, ट्रॉली जीपच्या मागे, आणि जीपमध्ये आम्ही दोघे.

चौके गेलं, धामापूरचा तलाव मागे पडला आणि काहीतरी जळल्याचा वास आला. मला वाटलं क्लचचा असेल. भाऊ म्हणाला, "खयतरी कचरो जाळतत." पुढच्या उतारावर मागून खर्रर्र आवाज आला, जीपला हिसका बसला आणि डाव्या बाजूने एक चाक आम्हाला ओव्हरटेक करून पुढे गेलं. आमचंच चाक. रस्त्याच्या कडेला गणवेशातल्या दोन मुली उभ्या होत्या. त्यांच्यापासून हातभर अंतरावरून ते गेलं आणि पुढच्या जांभ्याच्या गडग्यावर आदळून पडलं. त्या मुली आधी दचकल्या आणि मग हसायला लागल्या. आम्हाला काही हसता आलं नाही.

घरी फोन केला. आतोबांचा पहिला प्रश्न, "बोटीक काय झाला नाय मा?"

हा लेख त्या प्रश्नाबद्दलच आहे.

आपल्याकडे होडीचं किती कोडकौतुक! लाकडी होडीला काजूच्या टरफलांचं तेल द्यायचं, पावसाळ्यात वर काढून झावळ्यांनी शाकारायची, नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा. आता फायबर आलं तरी रंगरंगोटी, नाव, हार सगळं आहे. इंजिनाचं तर विचारूच नका, त्याला घरातल्या जावयासारखं वागवतात. आणि या सगळ्याचा भार जी दोन चाकं वाहतात त्यांच्याकडे कोण बघतं? बोटवाल्याच्या मते ते गॅरेजवाल्याचं काम. गॅरेजवाल्याच्या मते ती बोटीची वस्तू. (आमच्या गॅरेजवाल्याने मे महिन्यात टायरमध्ये हवा भरली आणि "ट्रॉली एकदम ओके" म्हणून सांगितलं. हवा खरंच ओके होती.)

मालवणात सगळेच ट्रॉली वापरतात असं नाही. अजूनही दहा-बारा जण खांदा लावून होडी किनाऱ्यावर ओढतात. पण ज्यांच्याकडे ट्रॉली आहे त्यांचं एक ठरलेलं वाक्य असतं : "वर्षातून दोन-चार वेळा तर चालते, तिला काय होणार?" मला हे वाक्य नेमकं उलटं वाटतं. ती चालत नाही म्हणूनच तिला होतं.

तुटलेलं चाक आणि दुसरं शाबूत चाक असं दोन्ही उघडून बघितलं तेव्हा मला हे कळलं. चाकाच्या हबमध्ये दोन बेअरिंग असतात, एक आतलं आणि एक बाहेरचं, निमुळत्या रोलरांचं. मागच्या बाजूला रबराचं ऑइल सील, पुढे पत्र्याची टोपी. मध्ये ग्रीस. बोट पाण्यातून काढताना ट्रॉली मागे मागे नेत चाकं पार बुडेपर्यंत समुद्रात घालतात. ती लांबून आलेली असेल तर हब गरम असतं, आतली हवा फुगलेली असते. गार पाण्यात बुडाल्यावर ती हवा आकसते आणि सील जरा जरी झिजलेलं असलं तरी त्याच्या कडेने खारं पाणी आत ओढलं जातं. वरून नळाने कितीही धुवा, आतलं पाणी आतच राहतं. मग ट्रॉली माडाखाली उभी राहते, जूनपासून सप्टेंबरपर्यंत. रोलर जिथे टेकलेले असतात तिथेच गंज धरतो, खड्डे पडतात. गणपतीनंतर तिला रस्त्यावर काढली की ते खड्डे घासायला लागतात, ग्रीस जळतं, बेअरिंग जाम होतं आणि शेवटी चाक निघून जातं. म्हणजे चाक निखळलं सप्टेंबरात धामापूरजवळ, पण मेलं ते मे महिन्यातच, देवबागच्या पाण्यात.

शाबूत चाकाची टोपी काढली तर आतलं ग्रीस ताकासारखं पांढरट! तेसुद्धा फार दिवसांचं सोबती नव्हतं.

म्हणून माझं म्हणणं असं की, इतक्या किलोमीटरनंतर बघू, हा मोटारीचा हिशेब ट्रॉलीला लावूच नये. तिचा हिशेब बुडण्यांचा आणि पावसाळ्यांचा. मे महिन्यात बोट शेवटची वर काढली की त्याच आठवड्यात हब उघडायचं, सप्टेंबरात नव्हे. रॉकेल किंवा डिझेलने बेअरिंग धुवायचं आणि उजेडात धरून बघायचं. रोलरवर खड्डे असतील किंवा तापून निळा रंग चढला असेल तर बाहेरच्या कपासकट जोडी बदलायची. ग्रीस नुसतं वरून फासून चालत नाही. तळहातावर गोळा घेऊन बेअरिंगची रुंद कड त्यावर दाबत राहायचं, रोलरांमधून ते दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत. पाण्यात टिकणारं ग्रीस वेगळं मिळतं, तेच घ्यावं, आणि जुन्यावर नवं थापू नये. सील दर वेळी नवं. नट आवळताना चाक फिरवत राहायचं, मग थोडा सैल करून हाताने बसेल इतकाच ठेवायचा आणि नवी स्प्लिट पिन घालायची. फार आवळलेला नटही बेअरिंग जाळतो, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं.

रस्त्यात चहाला थांबलात की दोन्ही हबना हाताची मागची बाजू लावून बघा. कोमट असेल तर ठीक. एक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागत असेल तर चहा लांबवा आणि जॅक काढा. आम्ही मालवणात थांबलो होतो, मालवणी खाजंही खाल्लं, पण चाकाला हात लावायचं सुचलं नाही.

दोन्ही चाकांची बेअरिंग आणि सील मिळून जो खर्च झाला त्यात एक बऱ्यापैकी सुरमई आली असती. परवडत नाही, हे कारण त्यामुळे मला पटत नाही. कारण एवढंच की या कामाला मान नाही. ग्रीसने हात काळे होतात आणि कोणी फोटो काढत नाही.

आतोबांना मी हे सगळं ऐकवलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "माझो बापूस कण्याक वंगण घातल्याशिवाय बैल जुपीत नसे." मग तुम्ही का विसरलात, असं विचारायचं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण ते थोरले, आणि समोर आत्या बसली होती. असो.

त्या दोन मुलींचा विचार अजून मनातून जात नाही. हातभर अंतर म्हणजे काही फार नाही.

यंदा मे महिन्याच्या शेवटी भावाचा फोन आला. मला वाटलं, आंब्याची पेटी पाठवली म्हणून सांगायला असेल. म्हणाला, "बोट वर काढली. उद्या हब खोलतंय. ग्रीस खयचा घेव?"