स्मरणरंजन पुरे, आता कॅसेटी उतरवा

एप्रिल २०२४ मध्ये झायलॉग कंपनीने आपल्या मूळ झेड-८० चिपचे उत्पादन बंद करत असल्याचे जाहीर केले. शेवटच्या ऑर्डरी जूनपर्यंतच घेतल्या. १९७६ पासून ही चिप विकली जात होती आणि घरगुती संगणकांची पहिली पिढी बऱ्याच अंशी तिच्यावरच उभी राहिली. बातमी आली, समाजमाध्यमांवर दोन दिवस हळहळ झाली आणि विषय संपला. या हळहळीबद्दलच आम्हाला बोलायचे आहे, कारण ती नको तिथे खर्च होत आहे.

जुन्या संगणकांच्या आठवणींचा बाजार सध्या तेजीत आहे. याच चिपवर चालणाऱ्या, ब्रिटनच्या क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या १९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम संगणकाची नवी प्रतिकृती २०२४ च्या अखेरीस विक्रीला आली. खेळ आत भरलेलेच, टीव्हीला वायर जोडली की झाले. मूळ यंत्रात कॅसेट लावून चार-पाच मिनिटे तो कर्कश आवाज ऐकावा लागे आणि ऐन शेवटी पडद्यावर लोडिंग फसल्याचा संदेश झळके. प्रतिकृतीत ती कटकट नाही. हौसेला मोल नसते, तेव्हा त्याबद्दल तक्रारही नाही. पण प्रतिकृती घेणारा मनाशी धरून चालतो की मूळ वस्तू कुठेतरी सुखरूप असणारच. ती तशी नाही.

माळ्यावर टाकलेला ३८६ संगणक उघडून पाहा. तारीख-वेळ लक्षात ठेवण्यासाठी त्याच्या मदरबोर्डवर बहुधा निकेल-कॅडमियमची छोटी बॅटरी सोल्डर केलेली असते. वर्षांनुवर्षे पडून राहिली की ती गळते. गळलेले रसायन बोर्डावरच्या तांब्याच्या रेषा खात जाते, जवळच्या सॉकेटात शिरते आणि यंत्र बंद असले तरी हे काम थांबत नाही. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आलेले छोटे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असेच पाझरतात. स्पेक्ट्रमच्या कीबोर्डखालच्या पातळ पट्ट्या कडक होऊन तडकतात. टेपरेकॉर्डरमधल्या रबरी पट्ट्याचा डिंकासारखा चिकट गोळा होतो. फ्लॉपी आणि कॅसेट यांच्यावरचा चुंबकीय थर सुटू लागतो. त्यात आपली कोकणची, मुंबईची हवा! चार पावसाळे बंद डब्यात काढलेल्या फ्लॉपीवर बुरशी चढली नाही तर नशीब.

हे विलायतेचे दुखणे म्हणून झटकता येणार नाही. स्पेक्ट्रम प्लसची परवानाप्राप्त भारतीय आवृत्ती पुण्याच्या डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्सने ऐंशीच्या दशकाच्या उत्तरार्धात बाजारात आणली होती. केंद्र सरकारने १९८४ मध्ये शाळांसाठी ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला, तो ब्रिटनच्या बीबीसी मायक्रो संगणकांवर. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्सने त्याच यंत्राची ‘युनिकॉर्न’ नावाची देशी आवृत्ती काढली. त्या शाळांतल्या यंत्रांचे पुढे काय झाले? त्यांच्यावर मुलांनी आणि शिक्षकांनी बेसिकमध्ये लिहिलेल्या प्रोग्रॅमचे काय झाले? ब्रिटनमध्ये बीबीसी मायक्रो पाहायचा तर केंब्रिजचे सेंटर फॉर कम्प्युटिंग हिस्टरी आहे, ब्लेचली पार्कच्या आवारातले राष्ट्रीय संगणक संग्रहालय आहे. आपल्याकडे तो दिसलाच तर पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा मुंबईच्या चोरबाजारात दिसतो. तिथेही तो फार काळ टिकत नाही, कारण जुन्या सिरॅमिक चिपवर आणि कनेक्टरवर सोन्याचा मुलामा असतो आणि भंगारात त्याला भाव आहे. २०२३ पासून लागू झालेल्या नव्या ई-कचरा नियमांत सोने, तांबे, लोखंड, अ‍ॅल्युमिनियम यांचा हिशेब आहे. डिस्कवर काय लिहिले होते, हा रकाना त्यात नाही.

या दुर्लक्षाची किंमत ब्रिटनने एकदा मोजली आहे. १०८६ मधल्या ‘डूम्सडे’ या जमीन-नोंदवहीला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी डूम्सडे केली. दहा लाखांवर लोकांनी, त्यांत असंख्य शाळकरी मुलांनी, आपापल्या गावाची माहिती व छायाचित्रे दिली आणि ती सगळी लेझर डिस्कवर साठवली गेली. पंधरा-सोळा वर्षांत ती वाचणारी यंत्रेच मिळेनाशी झाली. लीड्स आणि मिशिगन विद्यापीठांतल्या संशोधकांनी धडपड करून ती माहिती वाचवली. चर्मपत्रावर लिहिलेली मूळ नोंदवही मात्र लंडनच्या क्यू इथल्या राष्ट्रीय अभिलेखागारात आजही वाचता येते.

मराठीचे नुकसान तर आणखी वेगळ्या प्रकारचे आहे. युनिकोड रुळण्यापूर्वी प्रत्येक फॉन्ट कंपनीचा अक्षर-संकेत निराळा होता. नव्वदच्या दशकात छोट्या प्रकाशकांनी आणि दिवाळी अंकांनी डीटीपीवर जुळवलेला मजकूर आज फ्लॉपीतून निघाला तरी पडद्यावर अगम्य चिन्हे उमटतात. तो परत मिळवायचा तर फॉन्टही हवा, जमल्यास जुने सॉफ्टवेअरही हवे, आणि ते चालवू जाणणारा माणूसही हवा. असे लोक आज साठी-सत्तरीत आहेत.

दिलासा एवढाच की बचावाची हत्यारे हौशी मंडळींनीच करून ठेवली आहेत. स्पेक्ट्रमची कॅसेट चांगल्या टेपरेकॉर्डरवर वाजवून तिचा आवाज संगणकात नोंदवला की मोफत सॉफ्टवेअर त्यातून प्रोग्रॅम बाहेर काढते. सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आजच्या संगणकाला थेट जोडता येत नाही, पण ग्रीझविझलसारखा खुल्या आराखड्याचा छोटा बोर्ड जुन्या ड्राइव्हला यूएसबीशी जोडतो आणि खराब डिस्कवरचेही बरेच काही वाचून देतो. असे बोर्ड बनवणारी, सर्किट पाहून दोष शोधणारी माणसे ५५५ टायमर आणि बीसी-५४८ ट्रान्झिस्टर जोडत घडलेली आहेत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून, पुण्याच्या तपकीर गल्लीतून सुटे भाग आणून रविवारभर सोल्डरिंग करत बसण्याची ती पिढी. आताच्या मुलांना तयार मॉड्यूल मिळतात. चांगलेच आहे, त्यातून रोबो पटकन उभा राहतो. पण मॉड्यूल बिघडले की ते फेकून दुसरे लावायचे, एवढेच शिकलेल्या हातांना १९८७ चा बोर्ड दुरुस्त करता येणार नाही. ती विद्या शिकवायला इंजिनीअरिंग कॉलेजांना वेगळा अभ्यासक्रम लागत नाही, एक टेबल, एक ऑसिलोस्कोप आणि निवृत्त तंत्रज्ञाला दर शनिवारी दिलेला चहा पुरतो.

विद्यापीठांनी आणि राज्याच्या पुराभिलेख संचालनालयाने कॅसेटी-फ्लॉप्या स्वीकारणारी, त्यांच्या प्रती करून देणारी केंद्रे येत्या पावसाळ्यापूर्वी सुरू करावीत. निदान पुणे आणि मुंबई इथे तरी. वाचकांनी तोवर वाट पाहू नये. मदरबोर्डवरची बॅटरी जाणकाराकडून काढून घ्या. फ्लॉपीवर बुरशी दिसली तर ती ड्राइव्हमध्ये घालू नका, नाहीतर ड्राइव्हही जाईल. खोक्यावर यंत्राचे नाव, साल आणि वापरणाऱ्याचे नाव लिहा. आणि दिवाळीच्या साफसफाईत भंगारवाला दारात आला तर ते खोके त्याच्या हाती देऊ नका.