वाटेचा लेक आणि आपली जकात

आमच्या ऑफिसात हल्ली सगळ्याचाच 'प्रवास' झाला आहे. नोकरी सोडणारा निरोपाच्या मेलमध्ये आपला तीन वर्षांचा 'प्रवास' सांगतो. ॲपमध्ये बटण कुठे ठेवायचे, त्या आराखड्यालाही आम्ही 'युजर जर्नी' म्हणतो. जुम्याच्या बयानात तर हे रूपक आपण लहानपणापासून ऐकतोय: दुनिया म्हणजे सराय, माणूस मुसाफिर. ऐकायला बरे वाटते. माझी तक्रार एवढीच, की ते वापरून वापरून इतके गुळगुळीत झाले की खरा मुसाफिर त्यातून निसटून गेला.

आपल्या दीनची भाषाच चालणाऱ्याची आहे. शरीयत म्हणजे मुळात पाणवठ्याकडे नेणारी वाट. मजहब हा शब्द 'जाणे' या अर्थाच्या अरबी धातूपासून आला. तरीकत, सिरात, सबील हे सगळे वाटेचेच शब्द. मोहरममध्ये आपण सरबताची सबील लावतो, तिच्या नावातही वाट आहे. आणि मराठी? 'मजल दरमजल' मधली मजल ही अरबी मंजिल. मुक्काम म्हणजे मकाम. सूफी लोक वाटेवरच्या टप्प्याला मकाम म्हणतात आणि अल्लाहकडून मिळणाऱ्या क्षणभराच्या अवस्थेला हाल. मराठीने मुक्काम ठेवून घेतला आणि हालाचे मात्र हाल केले! 'तुम्ही बाहेरचे' असे ज्यांना ऐकावे लागते त्यांनी ध्यानात ठेवावे, की तसे म्हणणाराही गावचा पत्ता 'मु. पो.' असाच सुरू करतो.

पण शब्दांवर खूश होऊन थांबण्यात अर्थ नाही. फिक्हने प्रवासाला नुसते रूपक मानले नाही. सफरात चार फर्ज रकातींच्या दोन होतात, रोजा पुढे ढकलता येतो. कुरआनात जकातीचे आठ हकदार सांगितलेत, त्यांत शेवटचा इब्नुस्सबील, शब्दशः वाटेचा लेक. गावी घर-जमीन असली तरी वाटेत हात रिकामा झाला, तर जकातीवर त्याचा हक्क.

इब्न बतूता 1325 साली, एकविसाव्या वर्षी, टँजियरहून हजला निघाला आणि पुढे दौलताबाद, नंदुरबारपर्यंत येऊन गेला. आपण त्याच्या हिमतीचे कौतुक करतो. पण त्याच्या वाटेवर ठिकठिकाणी खानकाहा होत्या, मुसाफिराला जेवण आणि पाठ टेकायला जागा देणाऱ्या. त्यातल्या कितीतरी वक्फवर चालत. हिंमत एकट्याची होती, खर्च अनेकांचा.

आजचा वाटेचा लेक कोण? बीडहून ऊसतोडीला निघालेला. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये भिवंडीहून पायी गावाकडे निघालेला लूम कामगार. आणि परभणीहून पुण्याला इंजिनिअरिंगला आलेली मुलगी, जिने फोनवर नाव सांगितले की खोली 'आत्ताच गेलेली' असते. पहिल्या वर्षी मीही हे वाक्य पुष्कळदा ऐकले आहे. अशा घरमालकांना जाब विचारलाच पाहिजे. पण आपल्या मोहल्ल्यात तरी काय वेगळे आहे? 'बॅचलर नको', आणि मुलगी एकटी असेल तर आधी पन्नास चौकश्या.

यावर ठरलेले उत्तर येते: जकात इमारतीला चालत नाही. हनफी उलेमांचा हा मुद्दा मान्य, जकात माणसाच्या हातात, मालकी देऊनच द्यावी लागते. मग खोलीची अनामत त्या मुलीच्या हातात द्या. हॉस्टेल बांधायला सदका आहे, वक्फ आहे. चार वर्षे एका शहरात राहणारी विद्यार्थिनी फिक्हच्या व्याख्येत मुसाफिर ठरत नाही, असेही कोणी म्हणेल. असू दे. गरजू असेल तर ती फकीर-मिसकीनांत मोडतेच, आणि तिथे तर कोणाचीच हरकत नसावी.

रमजानला अजून वेळ आहे. आपापल्या मशिदीच्या कमिटीला आत्ताच जाऊन विचारा, की गेल्या वर्षीच्या जकातीतले किती रुपये इब्नुस्सबीलच्या नावावर गेले. आमच्याकडे मी विचारले तेव्हा खजिनदार चाचांनी मोकळेपणाने वही पुढे केली. त्यात मदरसा होता, विधवा होत्या, दवाखाना होता. वाटेच्या लेकासाठी रकानाच आखलेला नव्हता.